द्वारकेचा दाणा

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. माडवेळ गावात ज्याला विचाराल तो आपल्या आजोबांच्या वयाशी मेळ घालून वेगळाच आकडा सांगेल. एवढं मात्र सगळेच सांगतात, की तेव्हा गावात मोटर येत नव्हती, दिव्याला तेल लागत होतं, मचव्यांना इंजिनं नव्हती आणि दर्यावरचा सगळा कारभार शिडावर आणि वल्ह्यावर चालायचा. त्या काळात त्या गावातली एक बाई आभाळात गेली.

हसायचं असेल त्याने इथेच हसून घ्यावं. पुढे सवड मिळायची नाही.

माडवेळ म्हणजे खाली दर्या, मग वाळूची पुळण, मग माडांची रांग आणि माडांच्या मागे एकदम चढण. चढण चढून वर गेलं की सडा. जांभ्या दगडाचा हा सडा इतका सपाट आणि उघडा, की तिथे वासरू हरवलं तरी घरात बसून दिसावं. खाली गावात द्वारका नावाची बाई राहायची. ती शिडं शिवायची. मांजरपाटाचे लांब पट्टे अंगणात पसरून, गुडघ्यावर रांगत, दाभणाने जोडायची. दाभण कायम तिच्या अंबाड्यात खोचलेलं असे. अंगाने इतकी किरकोळ, की वाऱ्याच्या दिवसांत बायका तिला म्हणत, पदरात धोंडा बांधून हिंड गो. पण हात असा, की तिने शिवलेलं शीड फाटलं तर कापड फाटायचं, शिवण नाही, असं म्हणतात.

आईबाप लहानपणीच गेलेले. थोरला भाऊ धाकू तांडेल याने तिला खांद्यावर घेऊन वाढवलं, स्वतः उपाशी राहून तिला पेज पाजली आणि गावातल्याच विश्राम मेस्त्रीला दिली. म्हणजे नजरेआडही होऊ दिली नाही. धाकूच्या मचव्याचं शीड द्वारका दर वर्षी नवं करायची आणि कोपऱ्यात एक टाका जास्तीचा घालायची. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

विश्राम मेस्त्री मचवे बांधायचा. माणूस अंगापिंडाने असा, की मचव्याच्या काठावर बसला तर मचवा कलायचा. मोठ्या लढाईच्या दिवसांत तो मुंबईला गेला. तिथे एका शेडमध्ये लहान विमानांचे लाकडी पंख दुरुस्त करायला सुतार लागत होते. लढाई संपली, शेड बंद झाली आणि मेस्त्री गावी आला. लोक मुंबईहून येताना पेटी आणतात, छत्री आणतात. याने गोणपाटात गुंडाळलेलं एक इंजिन आणलं, भंगारात निघालेलं. ते पडवीत ठेवलं आणि बायकोला म्हणाला, "द्वारके, विमान करतंय."

द्वारका म्हणाली, "आधी जेवा."

जेवणानंतरही त्याचं मन बदललं नाही. घरामागे मांडव घातला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, बांबूच्या काड्या तासल्या. पंख त्याने शेडमध्ये पाहिले होते, तसे केले. पण विमानाचं पोट कसं करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि हाताला तर एकच आकार ठाऊक. झालं, पोट होडीचं झालं. गावातले येत, बघत आणि विचारत.

"मेस्त्रीनू, होडयेक पंख कित्याक लावतास?"

"उडूक."

"मगे पोट होडयेचां कित्याक?"

"पाण्यात पडलंय तर बुडूक नको म्हणान."

लोक पोट धरधरून हसले. हसले, पण दुसऱ्या दिवशी कोणी तांब्याच्या चुका आणून दिल्या, कोणी वेळू दिला. माडवेळची माणसं अशीच, तोंडाने चिडवतील आणि हाताने देतील.

पंखांवर कापड चढवलं द्वारकेने. शीड शिवायचं तसंच शिवलं. पण शीड वाऱ्यावर फुगतं आणि पंख तर ढोलासारखा ताठ हवा. मग तिने घरात जे होतं ते लावलं, तांदळाची दाट खळ. दोन दिवस उन्हात ठेवला आणि पंख असा ताणला गेला, की बोट मारलं तर वाजायचा. तिसऱ्या दिवशी गावकरांचा रेडा मांडवात शिरला आणि डावा पंख मुळापर्यंत चाटून गेला. मेस्त्रीचं विमान रेड्याने खाल्लं, ही बातमी दर्याच्या पलीकडल्या काठापर्यंत पोचली असं म्हणतात. द्वारकेने रडायचं सोडून नवं कापड घेतलं. या वेळी मचव्याला लावतात तसा तेलात कढवलेला चंद्रूस, म्हणजे राळ, वर चोपडला. त्याचा वास असा, की गुरांनीच काय, माणसांनीही पुन्हा तोंड लावलं नाही.

मग मेस्त्रीने विमान सजवलं. एका जुन्या मचव्याचं होकायंत्र बसवलं. पेट्रोलच्या टाकीत जाळ्याचं एक बूच सोडलं आणि त्याला उभी तार लावली. तार वर तोवर पेट्रोल आहे, तार खाली गेली की संपलं. पुढे लोकरीचा एक लाल दोरा बांधला, वारा कुठून लागतो ते कळायला. शेवटी अख्ख्या गावाने दोर लावून, मचवा ओढतात तसं हैय्या करत ते सड्यावर चढवलं.

आता माडवेळात एक रीत होती. नवी होडी पाण्यात पहिल्यांदा लोटताना प्रत्येक घरातून एक मूठ तांदूळ आणि एक नारळ होडीत ठेवायचा. कोणाच्याही घरची मूठ नाकारायची नाही. विमान झालं म्हणून रीत थोडीच चुकणार? सगळ्या घरांच्या मुठी आल्या, नारळ आले. होडीच्या पोटात ते छान मावलेही. त्यावर मेस्त्री बसला. इंजिन गरजलं, पंखा फिरला, विमान सड्यावरून धावत सुटलं आणि धावतच राहिलं. पलीकडच्या दगडी गडग्यापाशी जाऊन थांबलं. कोंबडीएवढंही उडालं नाही.

म्हातारे बाबल गावकर गावदेवाला हात जोडून म्हणाले, "गांगो रुसलो हा. मान कमी पडलो."

पुढच्या पौर्णिमेला लोकांनी दुप्पट नारळ ठेवले. विमान पहिल्याच्या निम्मं धावलं. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला वर केळीचे घड ठेवले, तेव्हा ते जागचं हलायलाच तयार होईना. दर वेळी मागाहून त्या तांदळाचं जेवण व्हायचं आणि सगळं गाव सड्यावर पोटभर जेवून खाली उतरायचं. मेस्त्री तेवढा पानावरून अर्धपोटी उठायचा.

द्वारकेला कळत होतं. मचव्यात किती माल भरला की तो किती बसतो, हे त्या गावातल्या पोराटोरांना कळायचं, पण देवाच्या मानाला वजन असतं हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. ते सांगायचं कोणी? मूठ परत केली तर ते घर जन्मभर बोलायचं नाही. आणि नारळ उतरवले तरी नवरा उरतोच. त्याचे सदरे तीच शिवायची. त्याच्या छातीला किती कापड लागतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? ज्या माणसाने इतकी वर्षं घालवून उडायचं यंत्र केलं, त्याला कसं सांगायचं, की तुमच्यानेच ते उडत नाही?

असंच एका दुपारी मेस्त्री इंजिन दुरुस्त करून बघत होता. तो पुढे उभा राहून हाताने पंखा फिरवायचा आणि द्वारका आत बसून दांडा धरायची. एरवी चाकाला दगड लावलेले असत. त्या दिवशी दगड निसटला. पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडाली, मेस्त्री बाजूला पडला आणि विमान द्वारकेला घेऊन धावत सुटलं. पाय खाली पोचत नव्हते, दांडा तेवढा हातात. समोर गुरांचा गडगा आला. तिने घाबरून दांडा पोटाशी ओढला आणि गडगा खालून निघून गेला. पलीकडे विमान धपकन टेकलं. सड्यावर चिटपाखरू नव्हतं. मेस्त्री डोळे चोळत धावत आला तेव्हा ती म्हणाली, घसरलं. त्याने चाकाला पुन्हा दगड लावला. त्या रात्री द्वारकेने नेहमीप्रमाणे भाकऱ्या केल्या. मनात मात्र एकच होतं. विमान उडतं, आणि हे नवऱ्याला कधी कळता कामा नये.

त्या वर्षी दिवाळीनंतर वादळ आलं. अवेळी आलं, सांगून आलं नाही. पुळणीवर ओढलेले मचवे एकमेकांवर आपटून फुटले. खोल दर्यात गेलेले तीन मचवे परतले नाहीत. त्यांतला एक धाकू तांडेलाचा. वारा पडला, ऊन पडलं, दर्या निवळला, तरी शीड दिसेना. शोधायला जावं तर गावात तरंगेल अशी होडी राहिली नव्हती. बायका पुळणीवर बसून राहिल्या. द्वारका त्यांच्यात बसली होती. भावाने खांद्यावर बसवून हाच दर्या आपल्याला दाखवला होता, एवढंच तिला आठवत होतं. मग ती उठली आणि सड्याची वाट चढू लागली.

वर पाहते तर मेस्त्रीने टाकी भरलेली, चाकाखालचे दगड तपासलेले. गाव मागोमाग आलंच. आणि गाव रिकाम्या हाताने येणारं नव्हतं. ज्यांची माणसं दर्यात होती त्यांनी तर मूठ नाही, घरात होते नव्हते ते सगळे तांदूळ आणले. मडकी, टोपल्या, नारळ. होडीचं पोट काठोकाठ भरलं. मेस्त्रीने ते पाहिलं, एक पाय उचलला आणि तसाच उभा राहिला.

द्वारका पुढे झाली. "अवो, तुमी बसू नकात. मी बसतंय. त्या दिसा दगड निसाटलो, तेवा..."

"माका ठावक आसा," मेस्त्री म्हणाला. "धूळ एकाच डोळ्यात गेल्ली."

द्वारका त्याच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि पहिली टोपली उचलून खाली ठेवली. दुसरी उचलली. लोकांत कुजबुज झाली. शेवंती पुढे आली. तिचा नवरा धाकूच्याच मचव्यावर होता.

"माजो घोव थंय दर्यात, आणि माजी मूठ तुका जड झाली?"

"जड झाली म्हणानच सांगतंय गो," द्वारका म्हणाली. "सगळ्यांची घेतलंय तर हयच रवतलंय. तुज्या मुठीतलो एक दाणो दी. तेवडो माका पेलता."

शेवंतीने टोपलीत हात घातला, एक दाणा शोधला, अगदी निवडून, अख्खा, न तुटलेला, आणि द्वारकेच्या तळव्यावर ठेवला. तिच्यामागून एकेक जण आला. बाबल गावकर सर्वांत शेवटी आले आणि त्यांनीही एकच दाणा ठेवला. द्वारकेने सगळे दाणे पदराच्या टोकात घालून गाठ मारली. एवढीशीच गाठ झाली.

ती विमानात बसली आणि तिला कळलं, की बैठक पुढे सरकवलेली आहे. सुकाणूची फळी बरोबर तिच्या पायाला लागत होती. सरकवल्याची खूण जुनी होती, लाकडावर मळ चढलेला होता. म्हणजे गडग्याच्या दुपारनंतर लगेचच त्याने हे केलं होतं आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. तिने वर पाहिलं. मेस्त्री पंख्याला हात लावून उभा होता.

"हलकी जा," तो म्हणाला, "भरान ये."

पंखा फिरला. विमान धावलं आणि लोकांनी डोळे मिटायच्या आत सड्याने त्याला सोडून दिलं. असं म्हणतात, की त्या वेळी सड्यावरच्या माणसांपैकी एकालाही ओरडायचं सुचलं नाही. गुरंसुद्धा चरायची थांबली. फक्त मेस्त्री मोठ्याने हसला आणि तसाच रडायला लागला.

द्वारका दर्यावर गेली. वरून दर्या तिच्या अंगणात पसरलेल्या कापडासारखा दिसत होता, पट्ट्यापट्ट्यांचा. होकायंत्र पाहत ती मासेमारीच्या खोल पाण्याकडे निघाली. किती गेली ते ठाऊक नाही. मग तिला पाण्यावर एक चकचकीत वाट दिसली, लाटा नसलेली. तिला लगेच उमजलं. वादळात लाटा शमवायला तांडेल मोरी माशाचं तेल पाण्यावर ओततात. भावाने तिला हे सांगितलं होतं. ती त्या तेलाच्या वाटेवरून गेली. समुद्रपक्षी तिच्या दोन्ही बाजूंनी रांग धरून वाट दाखवत होते, असंही म्हणतात. आपण तिथे नव्हतो, तेव्हा खोटं कसं म्हणावं?

वाटेच्या टोकाला तिन्ही मचवे होते, एकमेकांना दोराने बांधलेले. माणसं हात हलवत होती. डोलकाठ्या उभ्या होत्या, पण शिडांच्या चिंध्या झाल्या होत्या. वल्ही मोडली होती. वाहत वाहत ते आणखी खोल चालले होते. तिने घिरटी घातली, दुसरी घातली. बुचाची तार अर्ध्यावर आली होती. आता वळलं तर सड्यापर्यंत पोचता येत होतं. पोचून सांगता आलं असतं, मचवे अमक्या दिशेला आहेत. पण सांगून करायचं काय? गावात होडी नव्हती. या माणसांना निरोप नको होता, शीड हवं होतं. आणि शीड तर तिच्या दोन्ही बाजूंना ताणून बसवलेलं होतं, चंद्रूस लावलेलं, तिच्याच हाताचं.

तिने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. पाण्याला टेकताना चाकं तुटली, एक पंख बुडाला, वर आला. ज्या पोटाला सगळं गाव हसलं होतं ते होडीचं पोट तरंगत राहिलं.

धाकूने उडी मारून तिला मचव्यात घेतलं. तहानेने त्याचे ओठ फुटले होते. ती देवी आहे की बहीण, हे त्याला क्षणभर कळेना. ती म्हणाली, "दादा, सुरी दी."

धाकूने पंखाकडे पाहिलं. "बाय, मेस्त्र्याचो जीव आसा ह्या पंखांत. कापू नको."

"शिवण माजी आसा," द्वारका म्हणाली. "मीच उसवतंय. तेंका मी सांगान."

अंबाड्यातलं दाभण काढलं. जाळ्याची सुतळी होती. पंखांचं कापड तिने शिवणीवर उसवलं, कुठे वावगं फाडलं नाही, आणि जुन्या शिडांच्या दोरांना जोडत बसली. दोन शिडं झाली. ती दोन मचव्यांवर चढवली आणि तिसऱ्याला दोराने मागे घेतलं. आणि त्या दिवसांत कधी वाहत नाही असा पश्चिमेचा वारा सुटला. गांगोने वारा फिरवला, असं म्हणतात. विमानाचं पोट त्यांनी सोडलं नाही, तेही मागे बांधून आणलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना सड्यावरून शिडं दिसली. अशी शिडं माडवेळने पाहिली नव्हती. तांबूस, आणि त्यांच्यावर काळ्या रेघा, जिथे जिथे बांबूच्या काड्या होत्या तिथे तिथे. लोकांना काही उमगेना. मेस्त्रीला उमगलं. एकेक काडी त्याने तासलेली होती. तो चढण उतरून पुळणीवर आला तोवर सगळं गाव पाण्यात शिरलं होतं. शेवंतीने नवऱ्याला सोडून आधी द्वारकेला मिठी मारली, असं म्हणतात. नवऱ्याने ते पुढे आयुष्यभर ऐकवलं.

मग सगळे बाजूला झाले, कारण मेस्त्री आला होता. त्याच्यासमोर त्याच्या विमानाचा सांगाडा पडला होता, मोडलेला, उघडा. आता हा माणूस काय करेल, म्हणून लोक धास्तावले. द्वारकेने मान खाली घातली.

मेस्त्रीने विचारलं, "उडालां कसां?"

द्वारकेने मान वर केली. "बरां उडालां. उजव्या अंगाक वढी होतां."

"होय तर," मेस्त्री म्हणाला आणि भिजलेल्या वाळूत तिच्याजवळ बसला. "उजव्या पंखाक रंधो कमी पडलो माजो. मगे? गडगो गेल्यार काय झालां?"

तिने सांगितलं. पदराची गाठ सोडायचंही तिला सुचलं नाही, गाव भोवती उभं, आणि ही दोघं वाऱ्याबद्दल बोलत बसली. पुढे कित्येक वर्षं रोज संध्याकाळी तो तिला तेच विचारायचा आणि ती सांगायची. मेस्त्री स्वतः कधी उडाला नाही. पण तिच्या तोंडून तो इतक्या वेळा उडाला, की वरून दर्या कसा दिसतो हे तोच लोकांना सांगायचा, आणि द्वारका हसून मान डोलवायची.

दोघंही जाऊन फार काळ लोटला. इंजिन गंजलं. लाकडी पंखा गांगोच्या देवळात टांगलेला आहे. आता माडवेळच्या मचव्यांना शिडं नाहीत, इंजिनं आहेत. तरी नवी होडी लोटायची म्हटली, की प्रत्येक घरातून एकच दाणा येतो, अख्खा, निवडलेला. मुंबईला गेलेली घरं पाकिटात घालून पाठवतात. गावातली सर्वांत किरकोळ बाई ते दाणे मांजरपाटाच्या तुकड्यात बांधते, दाभणाने शिवते आणि पुरचुंडी होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधते. तो मान मिळावा म्हणून बायका आठवडाभर जेवण कमी करतात, असं म्हणतात. मग सगळे मिळून म्हणतात, "हलकी जा, भरान ये."

कधी एखादी नवी सून येते. तिचा नवरा त्या होडीवर जाणार असतो. तिचा जीव राहत नाही, ती मायेने मूठभर तांदूळ घेऊन येते. तेव्हा कोणीतरी म्हातारी तिच्या मुठीतला एक दाणा घेते आणि बाकीची मूठ तिची तिला हळूच मिटून देते. सून रागावत नाही.